मान, डोकं आणि न विचारलेला कान



मानदुखी आणि डोकेदुखी ही कानाच्या नसेवरच्या गाठीची लक्षणं असू शकतात का, हा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर 'हो' असं आहे. पण एवढंच उत्तर घेऊन कोणी घरी गेलं, तर त्याचा फायद्यापेक्षा तोटाच जास्त व्हायचा. मान कधीच न दुखलेला माणूस आपल्या पनवेल तालुक्यात शोधावा लागेल. ही गाठ मात्र दर वर्षी लाखात एखाद-दुसऱ्यालाच नव्याने सापडते. म्हणून उत्तर थोडं लांबवतो. या गाठीमुळे मान आणि डोकं दुखतं ते बहुधा उशिरा, गाठ मोठी झाल्यावर. तोवर एका कानाचं ऐकणं कमी होऊन कित्येक महिने, बऱ्याचदा काही वर्षं उलटलेली असतात. तेव्हा दुखणारी मान घेऊन आलेल्या माणसाला 'किती दुखतं' हे विचारून गाठीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. 'याच्या आधी काय झालं होतं' हे विचारलं तर बरंच कळतं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी ही गाठ होते कुठे ते पाहू. कानाच्या सर्वांत आतल्या भागातून मेंदूकडे एक नस जाते. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही आठवी. तिच्या एका भागातून ऐकू आलेलं मेंदूकडे जातं आणि दुसऱ्या भागातून तोल सांभाळण्याची माहिती. सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून ती जाते आणि चेहरा हलवणारी सातवी नस त्याच बोगद्यात तिच्या शेजारी असते. नसेवर श्वान नावाच्या पेशींचं वेष्टण असतं. तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या या पेशी वाढून गाठ तयार होते. पूर्वीपासून तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात, हल्लीच्या कागदपत्रांत व्हेस्टिब्युलर श्वानोमा असं लिहिलेलं आढळेल. ही गाठ कर्करोगाची नाही, ती शरीरात पसरत नाही. वाढते ती सरासरीने वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि अनेकांत वर्षानुवर्षं वाढतही नाही. बोगद्यात असताना ती शेजारची ऐकण्याची नस दाबते, पण त्यात दुखत काही नाही. तोल सांभाळणारी नसही निकामी होत जाते, तीही इतकी हळू की दुसऱ्या कानाच्या आधारावर मेंदू ती उणीव भरून काढतो. गरगरून पडावं अशी चक्कर त्यामुळे बऱ्याच जणांना येतच नाही. अंधारात पाऊल चुकल्यासारखं वाटतं, एवढंच.

बोगद्यातून बाहेर आलेली गाठ लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्यामधल्या कोपऱ्यात शिरते. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग. या कोपऱ्यात मोकळी जागा असल्यामुळे तिथेही गाठ बराच काळ तक्रारीविना राहू शकते. जागा संपली की मात्र मान आणि डोकं बोलू लागतात, आणि याचं कारण शरीररचनेतच आहे. कवटीच्या मागच्या तळाशी मेंदूवर जे जाड आवरण असतं, त्याची वेदना मुख्यतः मानेतल्या वरच्या तीन नसा वाहून नेतात. आवरण ताणलं जातं कवटीच्या आत, पण मेंदूला ती कळ मानेची वाटते. शिवाय चेहऱ्याची वेदना नेणाऱ्या पाचव्या नसेचं केंद्र मस्तिष्कस्तंभातून खाली मानेच्या पातळीपर्यंत उतरलेलं असतं आणि मानेच्या नसा तिथेच येऊन मिळतात. म्हणून मागे सुरू झालेली कळ कपाळात किंवा डोळ्यामागे जाऊन बसते. गाठ आणखी वाढली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि कवटीतला दाब वाढतो. मग सकाळी उठताना डोकं जास्त दुखतं, खोकलं किंवा वाकलं की कळ वाढते, उलट्या होतात, दृष्टी अंधुक होते. आणखी एक साधी वाट आहे. तोल डळमळीत झालेला माणूस नकळत मान ताठ धरून चालतो, डोकं जपून वळवतो, आणि अशाने मानेचे स्नायू आखडतात. ही सगळी कारणं नजरेसमोर ठेवली तर एक अडचण दिसते. मानेतून निघून कपाळापर्यंत जाणारी कळ साध्या ताणाच्या डोकेदुखीतही तशीच असते, मानेच्या सांध्यांच्या दुखण्यातही तशीच. वेदनेच्या वर्णनावरून गाठ ओळखता येत नाही.

मग ती ओळखायची कशी? लायडनच्या सँडिफोर्ट यांनी १७७७ साली शवविच्छेदनात सापडलेली अशी गाठ नोंदवली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं ती बहुतेक मृत्यूनंतरच सापडत राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया होऊ लागल्या, पण त्या इतक्या जीवघेण्या होत्या की काही ठिकाणी पाचातले चार रुग्ण दगावत. हे चित्र पालटणारं काम अमेरिकेतले हार्वी कुशिंग यांचं. १९१७ साली त्यांनी या एकाच गाठीवर, तीसेक रुग्णांच्या आधारे, एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी सीटी नव्हता, एमआरआय नव्हता. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र काढण्याची डँडी यांची पद्धतसुद्धा पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये आली. कुशिंग यांच्या हाती होतं ते रुग्णाचं सांगणं आणि स्वतःची तपासणी. त्यांनी लक्षणांची यादी केली नाही, लक्षणांचा क्रम लावला. पहिल्या टप्प्यावर कान आणि तोल. दुसऱ्यावर डोक्याच्या मागून कपाळापर्यंतची वेदना आणि मानेच्या वरच्या टोकाशी अवघडलेपण. त्यानंतर चालण्यातला अडखळलेपणा, मग शेजारच्या नसा, म्हणजे चेहऱ्याची बधिरता किंवा दुबळेपणा. त्यापुढे कवटीतल्या दाबाची चिन्हं आणि दृष्टीवर आलेलं संकट, बोलण्या-गिळण्यातला बिघाड आणि शेवटी श्वास. आजच्या विषयातली मानदुखी आणि डोकेदुखी शंभर वर्षांपूर्वीच्या या क्रमात दुसऱ्या जागी नोंदलेली आहे. पण ती दुसरी आहे. तिच्याआधी कान येतो, आणि कुशिंग यांचा सारा भर या आधी-नंतरवर होता. तीच लक्षणं उलट्या क्रमाने आली, म्हणजे आधी डोकेदुखी व उलट्या आणि मग बऱ्याच काळाने कान, तर गाठ निराळी, जागा निराळी, असा त्यांचा तर्क होता.

पुढे शस्त्रक्रिया सुधारल्या. विल्यम हाउस यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून कानाच्या मार्गाने गाठ काढण्याची पद्धत रूढ केली. १९६९ मध्ये स्वीडनमध्ये लेक्सेल यांच्या गॅमा नाइफने कवटी न उघडता किरणांनी अशा गाठीवर उपचार झाला. क्रम मात्र तोच राहिला. जर्मनीत हानोफर येथे मॅथीज आणि सामी यांनी १९९७ साली एक हजार गाठींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ऐकण्याच्या नसेचा बिघाड ९५ टक्के रुग्णांत होता, तोलाचा ६१ टक्क्यांत, चेहऱ्याच्या संवेदनेचा ९ टक्क्यांत आणि चेहऱ्याच्या हालचालीचा ६ टक्क्यांत. निदान होण्याआधी कानाची तक्रार सरासरीने साडेतीन वर्षांहून अधिक काळ चाललेली होती. हे जर्मनीतलं, जिथे तपासण्या हाताशी आहेत. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या नोंदी वाचल्या तर चार सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या गाठी, मेंदूत साठलेलं पाणी, डोळ्यांच्या नसेवर आलेली सूज, क्वचित आलेलं अंधत्व यांचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसतं. पश्चिमेकडे डोकेदुखी या गाठीच्या लक्षणांत मागे पडली, कारण तिथे गाठ डोकं दुखायच्या आधी सापडू लागली. आपल्याकडे ती मागे पडलेली नाही. म्हणून मानदुखी-डोकेदुखी या गाठीत जितकी दिसते, तितकी ती मला गाठीबद्दल कमी आणि निदानाला लागलेल्या वेळेबद्दल अधिक सांगते असं वाटतं. आपल्या कर्नाळ्याहून मुंबईतलं परळचं केईएम रुग्णालय अंतराने साठेक किलोमीटरवर आहे. तिथवर पोहोचायला रुग्णाला लागणारी वर्षं रस्त्यात जात नाहीत, चुकीच्या प्रश्नांत जातात. (या रस्त्याची आणि वर्षांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, आणि त्या रस्त्याने दिलेल्या मानदुखीचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.)

हा शेरा मी अगदीच गमतीने मारलेला नाही. इथल्या मानांना दुखायला खरोखरच कारणं आहेत आणि ती नाकारून चालणार नाही. कर्नाळा पक्षी अभयारण्याभोवतीच्या वाड्यांतल्या कातकरी आणि ठाकर बायका डोक्यावर लाकडाची मोळी वाहतात, उन्हाळ्यात हंडेही. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज लवकर दिसते हे आफ्रिकेत आणि आशियात झालेल्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. तालुक्यातल्या दगडखाणींवर घण आणि क्रशर आहेत. उरण-न्हावाशेवाकडे जाणारे कंटेनर चालवणारे चालक आहेत. खारघर-कामोठ्यात दिवसभर संगणकापुढे मान घालून बसणारे आणि पहाटेच्या हार्बर लोकलमध्ये उभ्याने डुलक्या घेणारे आहेत. जगभरात २०२० साली सुमारे वीस कोटी लोकांना मानदुखी होती असा आजारांच्या जागतिक गणनेचा अंदाज आहे. तेव्हा मान दुखते म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी प्रथम 'ओझं उचलता का, गाडी चालवता का' हे विचारणं अगदी बरोबर आहे. चूक होते ती या प्रश्नाचं 'हो' मिळाल्यावर पुढचं विचारणं थांबतं तिथे.

ते थांबतं, याला मोठा हातभार लागतो क्ष-किरण चित्राचा. मान दुखते, मधूनच चक्कर येते, म्हणून मानेचा एक्स-रे निघतो. त्यात मणक्यांच्या कडा वाढलेल्या दिसतात, दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते. मग 'मणक्यात गॅप आहे', 'नस दबली आहे', 'स्पॉन्डिलायटिसमुळे चक्कर येते' अशी निदानं घरोघरी पोहोचतात. मानेला पट्टा लागतो, चक्करीसाठी बीटाहिस्टिनच्या गोळ्या सुरू होतात. हे सगळं खोटं असतं असं नाही. पण ते दिसल्यामुळे दुखण्याचं कारण सापडलं असं मानणं धाडसाचं आहे. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या बाहेर आलेल्या दिसल्या. विशीतल्या तरुणांतही बहुसंख्यांच्या मानेत हेच होतं. यांतल्या एकाचीही मान दुखत नव्हती. म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या कोणाही माणसाच्या मानेचं चित्र काढलं तर त्यात काहीतरी सापडणारच, आणि जे सापडतं ते तक्रारीचं कारण असेलच असं नाही. आता या माणसाचा डावा कान दोन वर्षांपासून कमी ऐकत असेल, तर त्या कानाची हकीकत सांगायला वावच उरत नाही. प्रश्नाला उत्तर मिळालेलं असतं, छापील, सहीशिक्क्याचं. शिवाय रुग्णही ती हकीकत आपणहून सांगत नाही. जे दुखतं ते माणूस सांगतो. जे हळूहळू कमी होतं त्याची सवय होते. फोन उजव्या कानाला लावायचा, लग्नकार्यात भिंत डावीकडे येईल अशी खुर्ची धरायची, अशा तडजोडी होत जातात आणि तक्रार म्हणून त्यांचा उच्चारही होत नाही. वयस्कर बाईने 'कानाला दडे बसल्यासारखे वाटतात' असं सांगितलंच तर मळ काढून किंवा सर्दीची गोळी देऊन विषय मिटतो.

इथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग मान किंवा डोकं दुखणाऱ्या प्रत्येकाचा मेंदूचा एमआरआय का काढू नये? म्हणणं वरवर बिनतोड वाटतं, पण आकडे मांडले की ते टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत पनवेल तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाख होती. दर लाखात वर्षाला एक-दोन नव्या गाठी धरल्या तर तालुक्यात वर्षाला सात ते पंधरा. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात कधी ना कधी डोकेदुखी झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे ६४ टक्के निघालं. आपल्याकडे प्रौढ पाच लाख धरले तरी तीन लाखांहून अधिक डोकी झाली. त्यात माना मिळवा. सात-पंधरा माणसं शोधण्यासाठी तीन लाख चित्रं काढायला पैसा नाही, हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की चित्रांत भलतंच सापडतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या पाहणीत तक्रार नसलेल्या दोन हजार प्रौढांचे मेंदूचे एमआरआय काढले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चौघांना आपली ही गाठ होती. पण जवळपास सात टक्क्यांना कधी न जाणवलेला जुना छोटा झटका होता आणि सुमारे दोन टक्क्यांच्या रक्तवाहिनीवर फुगवटा होता. अशा प्रत्येक सापडण्यामागे चिंता येते, पुढच्या तपासण्या येतात आणि कधी नको ती शस्त्रक्रियाही. याउलट, एकाच कानाचं ऐकणं कमी झालेल्यांचा किंवा एकाच कानात सतत गुणगुण असलेल्यांचा एमआरआय काढला तर शंभरात एक ते पाचांच्या आसपास ही गाठ मिळते. दोन्ही प्रमाणं एका जातीची नाहीत, तुलना अगदी काटेकोर होणार नाही. तरी लाखातलं एक आणि शंभरातले दोन यांतलं अंतर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. हे अंतर यंत्राने तोडलेलं नाही, रुग्णाला विचारलेल्या एका प्रश्नाने तोडलेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. गाठ साधी, मंद वाढणारी, बऱ्याचदा न वाढणारी. मग ती उशिरा सापडली तर बिघडलं काय? डेन्मार्कमध्ये स्टँगेरुप आणि सहकाऱ्यांनी नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या ५५२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. बोगद्यातच असलेल्या गाठींपैकी १७ टक्केच वाढल्या, बाहेर आलेल्यांपैकी २९ टक्के, आणि वाढ झाली ती बहुतेक पहिल्या पाच वर्षांतच. हे आकडे आक्षेपाच्या बाजूचे दिसतात, पण ते माझ्याही बाजूचे आहेत. थांबून पाहण्याची मुभा कोणाला मिळते? ज्याची गाठ लहान असताना सापडली त्याला. त्याच्यापुढे वर्षाला एक एमआरआय काढत थांबायचं, एकाच बैठकीत किरणोपचार घ्यायचा, की शस्त्रक्रिया करायची, असे तिन्ही पर्याय असतात. नॉर्वेत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शंभर रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एकाला लगेच किरणोपचार आणि दुसऱ्याला आधी देखरेख. चार वर्षांनंतर लगेच उपचार झालेल्यांच्या गाठी लहान होत्या, पण ऐकण्यात आणि इतर त्रासांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे लहान गाठीच्या बाबतीत खरी निवड करता येते, ती रुग्णाच्या वयावर, कामावर, स्वभावावर सोपवता येते. गाठ तीन सेंटिमीटरच्या पलीकडे गेली, मस्तिष्कस्तंभ दाबू लागली, की किरणोपचार सहसा मागे पडतो आणि शस्त्रक्रिया उरते. त्या शस्त्रक्रियेत शेजारची चेहऱ्याची नस वाचणं हे गाठीच्या आकारावर फार अवलंबून असतं. डोळा पूर्ण मिटत नाही, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून गळतं, हसताना तोंड वाकडं होतं. खेड्यातल्या तरुण मुलीच्या किंवा दुकानात गिऱ्हाइकांपुढे उभं राहणाऱ्याच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. साधी गाठही जागेअभावी जीवघेणी होऊ शकते. कुशिंग यांच्या क्रमातला शेवटचा टप्पा श्वासाचा होता.

तिसरा आक्षेप दवाखान्यातून येतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. सकाळच्या ओपीडीत शंभर केसपेपर, एकेकाला दोन-तीन मिनिटं. त्यात हे विचारायचं कधी? याचं उत्तर हेच की जे विचारायचं आहे ते दहा-पंधरा सेकंदांचं आहे. दोन्ही कानांनी सारखं ऐकू येतं का? फोन कोणत्या कानाला लावता, आणि दुसऱ्या कानाला लावला तर शब्द कळतात का? या गाठीत आवाज येतो पण शब्द उमगत नाही, असं फार वेळा घडतं. म्हणून फोनचा प्रश्न नुसत्या 'ऐकू येतं का' या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगी. एकाच कानात शीळ किंवा गुंई असा आवाज येतो का? आणि हे मान दुखायच्या आधीपासूनचं की नंतरचं? उत्तर संशयास्पद आलं तर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. तो वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला की नसेचा बिघाड असलेल्या माणसाला आवाज चांगल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटतो. कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी असेल तर तो उलट बिघडलेल्या कानाकडे जातो. एका फोर्कने कान-नाक-घशाची एक मोठी गल्लत दूर होते. इथल्या पक्षिमित्रांना तर घरचीच परीक्षा उपलब्ध आहे. तांबट किंवा भृंगराज नेमका कोणत्या दिशेला ओरडतोय हे ओळखायला दोन्ही कान लागतात. ज्याला आवाज स्पष्ट येतो पण झाड सापडत नाही, आणि हे पूर्वी सापडत होतं, त्याने दुर्बीण पुसत बसण्यापेक्षा कान तपासून घ्यावेत. एक कान गेलेल्या माणसाला महामार्ग ओलांडताना हॉर्न कुठून आला हे कळत नाही, तो तर रोजच्या जिवाचा प्रश्न आहे.

खाणीवर काम करणारा म्हणेल, माझं ऐकणं क्रशरच्या आवाजाने कमी झालं. बरोबर असेल. पण असा आवाज साधारणतः दोन्ही कानांना सारखाच मारतो. वयाने येणारा बहिरेपणाही दोन्हीकडचा. एकाच बाजूला झुकलेलं कमी ऐकणं हे आवाजाच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकण्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, व्हायला हवी. केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ऑडिओमेट्री ही महागडी तपासणी नाही. महाग आहे तो एमआरआय, आणि जीव अडतो तो तिथे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती उभी आहे. निदानापूर्वीच्या बाहेरच्या तपासणीचा खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून जातो. गाठ मोठी झाल्यावरच्या शस्त्रक्रियेला सरकारी पैसा आहे आणि ती लहान असताना पकडणाऱ्या चित्राला नाही, ही व्यवस्था मला उलटी वाटते. तिचा परिणाम असा की स्वस्त म्हणून साधा सीटी काढला जातो. बोगद्यातली लहान गाठ साध्या सीटीत चुकू शकते, आणि 'सीटी नॉर्मल' हा कागद पुढे अनेक वर्षं त्या माणसाचा कान कोणी पाहू देत नाही. एका कानाची तक्रार खरी ठरली असेल तर कानाच्या नसांचा एमआरआय हीच तपासणी. कान अचानक गेला आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी परत आला, तरीही ती टाळू नये. बरं झालेलं ऐकणं गाठ नसल्याचा पुरावा होत नाही.

उरतात ते, ज्यांना कानाची तक्रारच नाही. हानोफरच्या हिशोबात असे शंभरात पाच. या थोड्यांना माझा प्रश्न पकडणार नाही हे मान्य. त्यांच्यासाठी आणि इतर प्रकारच्या गाठींसाठीही निराळी जाग हवी. सकाळी उठल्याबरोबर वाढणारी नवी डोकेदुखी, सोबत उलट्या, दोन-दोन दिसणं किंवा अंधुक दिसणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, चेहऱ्याच्या अर्ध्या भागात मुंग्या, यांतलं काहीही मानदुखीबरोबर असेल तर एक्स-रे आणि पट्टा यांत दिवस घालवू नयेत. तिथे थेट मोठं रुग्णालय, आणि त्याच दिवशी. दोन्ही कान लहान वयात कमी होऊ लागले आणि घरात आणखी कोणाला असं झालं असेल, तर ती आनुवंशिक जात असू शकते. बाविसाव्या गुणसूत्रावरचा तिचा दोष १९९३ साली सापडला. अशा घरातल्या भावंडांनाही तपासावं लागतं.

शेवटी एक गोष्ट गाठ सापडलेल्यांविषयी, कारण तिच्याबद्दल रुग्णांना क्वचितच सांगितलं जातं. डोकेदुखी इतकी सर्रास आहे की गाठ असलेल्या माणसालाही गाठीशी संबंध नसलेली डोकेदुखी असू शकते, वर्षानुवर्षांची अर्धशिशी असू शकते. लहान गाठ आणि डोकेदुखी एकत्र सापडल्या म्हणजे एकीने दुसरी आणली असं होत नाही. गाठ काढली की डोकं थांबेल, असं वचन देऊन शस्त्रक्रियेला उभं करणं म्हणूनच गैर आहे. कानामागून कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काहींना आधी नसलेली डोकेदुखी आणि मानेचा ताठरपणा सुरू होतो. तिथले स्नायू आवरणाला चिकटणं, हाडाचा भुसा आत राहणं ही त्याची मानली गेलेली कारणं. अमेरिकेतलं मेयो क्लिनिक आणि नॉर्वेतलं बर्गन यांनी मिळून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र दीर्घकाळच्या डोकेदुखीचा संबंध उपचाराच्या प्रकारापेक्षा रुग्णाच्या वयाशी, मनातल्या चिंतेशी आणि आधीपासूनच्या डोकेदुखीशी जास्त दिसला. याचा व्यवहारातला अर्थ असा की एमआरआयच्या कागदावर गाठ लिहिली गेली म्हणून अर्धशिशीची औषधं बंद करू नयेत, मानेचे व्यायाम थांबवू नयेत, आणि दर डोकेदुखीला गाठ वाढल्याचं भय घेऊन नवा एमआरआयही काढू नये. गाठ वाढते की नाही हे ठरलेल्या मुदतीच्या एमआरआयवरून कळतं. त्या मुदतीच्या अधेमधे तोल, दृष्टी किंवा चेहरा यांत काही नवं झालं, तरच तारीख अलीकडे आणायची.